मानसशास्त्राचे पेपर विद्यापीठाच्या ग्रंथालयातून शोधता शोधता मेटाकुटीला आले आहे

रातकिडा:
नमस्कार मंडळी. मानसशास्त्रात एमए करते आहे, शेवटचं वर्ष. लघुप्रबंधाचा विषय असा: डोळ्यांवर झोप आलेली असते, उद्या लवकर उठायचं असतं, जागं राहा म्हणून कुणी सांगितलेलं नसतं, तरी विद्यार्थी रात्री झोपत का नाहीत? (विषय कुठून सुचला ते आयडीवरून ओळखा.)

गाईड मॅडमनी सांगितलंय, पीअर रिव्ह्यूड (म्हणजे छापण्याआधी त्याच क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी तपासलेल्या) जर्नल्समधले निदान पंधरा पेपर वाचून ये. तीन आठवडे झाले, हाताला लागलेत चार. त्यातले दोन घोरण्यावर आहेत.

ग्रंथालयाच्या साइटवर मोठा सर्चबॉक्स आहे. त्यात अख्खा प्रश्न टाकला तर शून्य निकाल. 'स्लीप स्टुडंट्स' टाकलं तर हजारोंनी निकाल, त्यात वर्तमानपत्रांचे लेख, पुस्तकांची परीक्षणं, सगळंच. गूगलवरून गेले की गोषवारा दिसतो आणि खाली कुलूप. एका पेपरसाठी तर पैसे भरायला निघाले होते, मैत्रिणीने हात धरला.

लोक हे शोधतात कसे?

आळशी_मांजर:
एआयला विचार की. 'या विषयावरचे पंधरा पेपर दे' म्हटलं की अर्ध्या मिनिटात यादी. मी तेच करतो.

दोन_पैसे:
मांजरा, तू त्या यादीतला एकतरी पेपर उघडून पाहिलास का? मी पाहिले. बारापैकी पाच अस्तित्वातच नव्हते. जर्नल खरं, अंक खरा, लेखकही त्याच क्षेत्रातला खरा माणूस. पण त्या पानावर भलताच लेख. अशी यादी मी सेमिनारला दाखवली होती. पुढचं सांगत नाही.

आळशी_मांजर:
...उघडून बघतो.

कपाटवाली:
विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागात बसते, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून चारदा ऐकते. लांबलचक लिहिणार आहे, सवडीने वाचा.

रातकिडा, तुमची पहिली अडचण तो मोठा सर्चबॉक्स आहे. तो ग्रंथालयाकडे असलेलं सगळं एकत्र ढवळतो: पुस्तकं, वर्तमानपत्रं, सगळ्या विषयांची जर्नल्स. एखाद्या पेपरचं पूर्ण शीर्षक माहीत असेल तेव्हा तो उत्तम. विषय घेऊन शोधायचं असेल तर मानसशास्त्राचा स्वतंत्र डेटाबेस उघडा. साइटवर 'डेटाबेसेस'ची वर्णानुक्रमे यादी असते, त्यात सायकइन्फो पाहा. तो अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा, म्हणजे एपीएचा. १९२७ साली 'सायकॉलॉजिकल ॲबस्ट्रॅक्ट्स' नावाचं छापील नियतकालिक सुरू झालं, त्याचाच हा वंशज. संगणकावर आला १९६७ मध्ये. तो वेगवेगळ्या कंपन्यांच्या साइटवरून मिळतो: कुठल्या ग्रंथालयात एब्स्कोवर, कुठे प्रोक्वेस्टवर, कुठे ओव्हिडवर. बटणं वेगळी, आतला माल तोच. एका विहिरीवर तीन रहाट समजा.

आता एक घोळ आधीच निस्तरते. सायकइन्फो ही सूची आहे. तिच्यात नोंद आणि गोषवारा असतो, पेपर नसतो. एपीएच्या स्वतःच्या जर्नल्समधले पूर्ण पेपर सायकआर्टिकल्स नावाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात. मुलं नावांच्या साम्याने फसतात, सायकआर्टिकल्समध्येच शोधतात आणि 'या विषयावर कामच झालेलं नाही' असं प्रबंधात लिहून मोकळी होतात. जगातल्या मानसशास्त्राच्या जर्नल्सपैकी फार थोडी एपीए काढते.

तसंच 'फक्त फुल टेक्स्ट दाखवा' या चौकोनात खूण करू नका. कळकळीने सांगते. पेपर या डेटाबेसमध्ये नसला तरी तुमच्या ग्रंथालयाने तो दुसऱ्या प्रकाशकाकडून घेतलेला असू शकतो. प्रत्येक नोंदीखाली 'फाइंड इट' किंवा तसल्याच नावाचं बटण असतं, ते ग्रंथालयाची सगळी वर्गणी तपासून पेपर कुठे आहे ते सांगतं. चौकोनात खूण केलीत तर त्या बटणापर्यंत तुम्ही पोचतच नाही.

दुसरी अडचण शब्दांची. तुमचा प्रश्न छान आहे, पण तो तुमच्या भाषेत आहे. डेटाबेसला वाक्य कळत नाही, संकल्पना कळतात. तुमच्या प्रश्नात तीन आहेत: झोप, टाळाटाळ, विद्यार्थी. प्रत्येकीचे समानार्थी शब्द 'ऑर'ने जोडून कंसात टाका आणि कंस एकमेकांना 'अँड'ने जोडा. (इथे देवनागरीत लिहिते, टंकताना अर्थातच इंग्रजीत.)

(स्लीप ऑर बेडटाइम) अँड प्रोक्रॅस्टिनेट* अँड (स्टुडंट* ऑर अंडरग्रॅज्युएट*)

तो तारा म्हणजे 'इथून पुढे काहीही चालेल'. प्रोक्रॅस्टिनेटच्या स्पेलिंगमधला शेवटचा ई काढून तारा दिलात की प्रोक्रॅस्टिनेशन, प्रोक्रॅस्टिनेटर, प्रोक्रॅस्टिनेटिंग सगळे एका जाळ्यात येतात. मात्र तारा फार आधी लावू नका. एक विद्यार्थी उंदरांवरचे प्रयोग शोधत होता. त्याने 'रॅट'ला तारा लावला. रेट, रेटिंग, रेशो, रॅशनल... उंदीर सोडून सगळं सापडलं.

आणि 'नॉट' जपून वापरा. 'नॉट चिल्ड्रन' म्हटलंत की मुलं आणि प्रौढ दोघांवर केलेला पेपरही गेला.

यानंतर खरी खुबी आहे थिसॉरसची. एपीएने मानसशास्त्राच्या अधिकृत शब्दांचा कोश केलाय, पहिली आवृत्ती १९७४ ची. लेखक आपापल्या लहरीने शब्द वापरतात: कुणी 'स्कूल सक्सेस' म्हणतो, कुणी 'ग्रेड्स', कुणी 'स्कोलास्टिक परफॉर्मन्स'. सूची करणारा माणूस मात्र पेपर वाचून त्या सगळ्यांवर 'अकॅडेमिक अचीव्हमेंट' असा एकच शिक्का मारतो. तो शिक्का कळला की लेखकाने काहीही म्हटलेलं असो, पेपर हाती लागतो. थिसॉरसमध्ये शब्द उघडलात की त्याच्याहून व्यापक, त्याच्याहून नेमका आणि शेजारचा शब्दही दिसतो. तो शब्द कोशात कोणत्या साली आला तेही लिहिलेलं असतं. ते साल पाहत जा, कारण त्याआधीच्या पेपरांवर शिक्का जुन्या शब्दाचा असणार.

बाकी उद्या. काउंटरवर रांग लागलीय.

टिपणवही:
वाचनखूण साठवली. कपाटवाली ताई, उद्या नक्की या.

जुने_खोड:
आम्ही ते छापील 'सायकॉलॉजिकल ॲबस्ट्रॅक्ट्स' वापरलेलं आहे. जाडजूड खंड. आधी विषयसूचीच्या खंडात शब्द शोधायचा, तिथे फक्त क्रमांक. तो घेऊन गोषवाऱ्याच्या खंडाकडे जायचं. मग जर्नलचं नाव टिपून दुसऱ्या मजल्यावर. तिथे तो अंक नेमका बांधणीला गेलेला. एक फायदा होता: शब्द चुकला तर अख्खी दुपार जायची, त्यामुळे शब्दाचा विचार आधी व्हायचा.

साल पाहायच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' हे निदान अधिकृत यादीत आलं १९८० मध्ये, डीएसएम या अमेरिकन मनोविकार-निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांवरचं लेखन त्या नावाने शोधाल तर त्या काळातलं काही मिळणार नाही. तिथे 'शेल शॉक' टाकावं लागतं.

जर्नल्सचीही नावं बदलतात. साक्षीदाराला 'गाड्या आदळल्या तेव्हा वेग किती होता' असं विचारलं की 'लागल्या तेव्हा' विचारण्यापेक्षा तो जास्त वेग सांगतो, हा लॉफ्टस आणि पामर यांचा १९७४ चा प्रयोग प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. मूळ पेपर 'जर्नल ऑफ व्हर्बल लर्निंग अँड व्हर्बल बिहेवियर'मध्ये आहे. माझी एक विद्यार्थिनी सांगत आली, सर, आपल्याकडे हे जर्नलच नाही. होतं की. १९८५ पासून त्याचं नाव 'जर्नल ऑफ मेमरी अँड लँग्वेज' झालं, आणि जुने अंक नव्या नावाखाली लावलेले होते.

रातकिडा:
कपाटवाली ताई, मला अहोजाहो नको, अगं म्हणा!

तुमची ओळ जशीच्या तशी टाकली. पहिल्याच पानावर कळलं की माझ्या प्रश्नाला नाव आहे! 'बेडटाइम प्रोक्रॅस्टिनेशन'. २०१४ मध्ये क्रूसे आणि सहकाऱ्यांनी 'फ्रंटियर्स इन सायकॉलॉजी'त मांडलंय, तेही सगळ्यांना मोफत. तीन आठवडे मी याच्या अवतीभवती घिरट्या घालत होते. नाव माहीत नव्हतं, एवढंच.

पण थिसॉरसमध्ये कुठला शब्द घ्यायचा? 'प्रोक्रॅस्टिनेशन' एकटा घेतला की अभ्यासाच्या चालढकलीचे पेपर येऊन पडतात.

कपाटवाली:
ये, बस. एखादी कल्पना जन्मल्यावर तिला कोशात जागा मिळायला बराच वेळ जातो. म्हणून अशा नव्या विषयाला दोन्ही बाजूंनी जायचं. कोशातले 'प्रोक्रॅस्टिनेशन' आणि 'स्लीप' हे दोन शिक्के 'अँड'ने जोडून एक शोध. 'बेडटाइम प्रोक्रॅस्टिनेशन' हे शब्द अवतरणचिन्हांत घालून शीर्षक आणि गोषवाऱ्यात दुसरा शोध. अवतरणचिन्हं दिली की दोन्ही शब्द शेजारीशेजारी असलेलेच पेपर येतात. मग सर्च हिस्टरीत जाऊन दोन्ही शोध 'ऑर'ने जोड. फार कमी लोक त्या हिस्टरीच्या पानावर जातात. तिथे प्रत्येक शोधाला क्रमांक असतो आणि नुसत्या क्रमांकांची बेरीज-वजाबाकी करता येते.

आता गाळण्या. पीअर रिव्ह्यूची गाळणी लाव, पण ती जर्नलला लागते, लेखाला नाही. त्याच जर्नलमधलं संपादकीय आणि पुस्तक परीक्षणही तिच्यातून खाली उतरतं. ते तुलाच ओळखावं लागेल. सायकइन्फोच्या खास गाळण्या दोन. एक वयोगटाची: 'अडोलसन्स' म्हणजे १३ ते १७, 'यंग ॲडल्टहुड' म्हणजे १८ ते २९. तुझे विद्यार्थी दुसऱ्यात. दुसरी अभ्यासपद्धतीची: एम्पिरिकल स्टडी, लाँजिट्यूडिनल स्टडी, क्वालिटेटिव्ह, मेटा ॲनालिसिस वगैरे. सुरुवातीला फक्त 'मेटा ॲनालिसिस' किंवा 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' लावून बघ, म्हणजे आधीचे अभ्यास एकत्र करून आढावा घेणारे पेपर. असा एक पेपर मिळाला की त्याच्या संदर्भसूचीत दुसऱ्या कुणीतरी महिनोन्‌महिने खपून गोळा केलेले पेपर आयते मिळतात.

अगदी ताज्या नोंदींवर हे शिक्के मारायचे राहिलेले असू शकतात. म्हणून मागच्या वर्षभराचं गाळणी न लावता नजरेखालून घाल.

झोपेचा विषय वैद्यकाच्या कुंपणालगत आहे. पबमेड या वैद्यकाच्या डेटाबेसमध्येही शोध, तो सगळ्यांना मोफत आहे आणि त्याचा शब्दकोश वेगळा, त्याला मेश म्हणतात. सायकइन्फोतला शब्द तिथे तसाच चालेल असं धरू नकोस.

दोन_पैसे:
कुलपाबद्दल मी सांगतो, त्यात मी पोळलोय. प्रकाशकाची साइट तुम्हाला ओळखत नाही, ती फक्त तुम्ही कोणत्या नेटवर्कवरून आलात ते बघते. कॅम्पसवर पेपर उघडतो आणि घरी कुलूप दिसतं, ते त्यामुळे. घरून शोधताना ग्रंथालयाच्या साइटवरून लॉगिन करून जायचं, मग तुम्ही विद्यापीठातूनच आलात असं प्रकाशकाला दिसतं. गूगल स्कॉलरच्या सेटिंग्जमध्ये 'लायब्ररी लिंक्स' आहे, तिथे आपलं विद्यापीठ निवडलं की निकालाशेजारी ग्रंथालयाचा दुवा दिसायला लागतो. मी हे न करता चक्क खिशातून पैसे भरून एक पेपर घेतला होता. तो आमच्याकडे होताच. वर्गणी भरलेली होती. मीच बाहेरच्या दाराने आलो होतो.

टिपणवही:
आणि खरंच नसेल तर? आमचं ग्रंथालय छोटं आहे.

कपाटवाली:
तर चार वाटा, याच क्रमाने.

अनपेवॉल नावाचं एक्स्टेंशन ब्राउझरमध्ये टाकून ठेव. पेपरची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. बऱ्याचदा लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या भांडारात अंतिम मसुदा ठेवलेला असतो. दुसरी वाट सायआर्काइव्ह, २०१६ पासून मानसशास्त्रातले प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधीचे मसुदे, तिथे मिळतात. पण प्रीप्रिंट म्हणजे रिव्ह्यू झालेला पेपर नव्हे. छापील आवृत्ती निघालीय का ते बघ, आणि संदर्भ जी वाचलीस तिचाच दे. तिसरी वाट आंतरग्रंथालयीन देवघेव. फॉर्म भरायचा, आम्ही दुसऱ्या ग्रंथालयाकडून पेपर मागवतो. पुष्कळ विद्यापीठांत विद्यार्थ्याला याचे पैसे पडत नाहीत. लोक संकोचतात, 'तुम्हाला कशाला त्रास'. अहो, हेच आमचं काम! चौथी, लेखकाला सरळ मेल. दोन ओळी पुरतात. आपला पेपर कुणीतरी वाचतंय याचंच त्यांना अप्रूप असतं.

सांख्यिकी:
धागा छान चाललाय, मिठाचा खडा टाकतो. पेपर सापडणं आणि तो टिकलेला असणं यात फरक आहे. रातकिडा, तुझी सैद्धांतिक चौकट काय आहे?

रातकिडा:
'इगो डिप्लीशन'. दिवसभर मन आवरून आवरून संयमाचा साठा रात्रीपर्यंत संपतो, म्हणून झोपायचा निर्णय घेतला जात नाही. बाउमायस्टर आणि सहकारी, १९९८. हजारो लोकांनी संदर्भ दिलाय.

सांख्यिकी:
वाटलंच. त्या पेपरच्या नोंदीखाली 'साइटेड बाय'वर (त्याचा संदर्भ देणारे नंतरचे पेपर) टिचकी मार आणि आत 'रेप्लिकेशन', म्हणजे तोच प्रयोग पुन्हा करून पाहणं, शोध. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून जास्त लोकांवर, आधी जाहीर केलेल्या आराखड्याप्रमाणे तो परिणाम तपासला. जवळजवळ शून्य निघाला. यावर वाद झाले, अजून चालू आहेत, आणि तू कुठल्या बाजूला जावंस ते मी सांगणार नाही. पण १९९८ चा पेपर एकटा उद्धृत करून व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) बसलीस तर पहिला प्रश्न हाच येईल.

संदर्भसूचीतून माणूस मागे जातो, 'साइटेड बाय'मधून पुढे येतो. आपल्याकडे सगळे मागेच जातात. पेपरला तो छापल्यानंतर काय काय झालं ते त्या पेपरात कसं असेल?

आणखी एक. मागे घेतलेले पेपरही पीडीएफ रूपात इकडेतिकडे फिरत राहतात. डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ डीडेरिक स्टापेल यांनी आकडे बनवल्याचं २०११ मध्ये उघड झालं, त्यांचे ५८ पेपर मागे घेतले गेले. झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर संदर्भ साठवायला वापरलंत तर मागे घेतलेल्या पेपरवर ते स्वतःहून लाल पट्टी दाखवतं. वर्डमधल्या याद्या फेका आता.

जुने_खोड:
अवांतर: माझ्या वह्या मी फेकणार नाही.

आळशी_मांजर:
उघडून पाहिले. माझ्या यादीतले नऊपैकी तीन नाहीत. एकाचा डीओआय (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक) टाकला तर मधमाश्यांवरचा पेपर उघडला.

दोन_पैसे:
शीर्षक अवतरणचिन्हांत घालून स्कॉलरमध्ये टाक, तिथे नसेल तर सायकइन्फोत. दोन्हीकडे नाही म्हणजे बहुधा नाहीच. एआयकडून समानार्थी शब्द सुचवून घे, त्यात त्याचा हात चांगला आहे. यादी मात्र डेटाबेसकडूनच.

टिपणवही:
मी मागच्या वर्षी पास झाले, लॉगिन बंद झालं. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

कपाटवाली:
पबमेड आणि पूर्ण पेपर देणारं पबमेड सेंट्रल सगळ्यांना मोफत आहेत. शिक्षण मानसशास्त्र असेल तर एरिक हा शिक्षणविषयक डेटाबेस. मोफत जर्नल्सची यादी हवी असेल तर डीओएजे. सायकइन्फोच हवा असेल तर ग्रंथालयात प्रत्यक्ष जाऊन विचार. बऱ्याच करारांमध्ये आवारातल्या संगणकावर बसून वाचायला बाहेरच्यालाही परवानगी असते. पाटी लावलेली नसते, विचारावं लागतं.

रातकिडा:
अपडेट. एकोणीस पेपर झाले, त्यातले अकरा खरोखर कामाचे. इगो डिप्लीशनचा भाग पुन्हा लिहायला घेतलाय, गाईड मॅडम म्हणाल्या 'हे तुला कुणी सांगितलं?' काय उत्तर देणार, मधमाश्यांच्या शेजारी बसलेल्या लोकांनी.

एक प्रश्न उरलाय. क्रूसेंच्या त्या मूळ पेपरात नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे. ती तशीच वापरू का? आणि तिच्या भाषांतराबद्दलचा एक पेपर हवाय, तो कुठेच पूर्ण मिळत नाही. लेखिकेला मेल केला तर परत आला, पत्ता बंद.

कपाटवाली:
प्रश्नावल्यांसाठी एपीएचाच सायकटेस्ट्स नावाचा डेटाबेस आहे, तुमच्याकडे असेल तर बघ. वापरायला परवानगी लागते का, ते तिथे नोंदीतच लिहिलेलं असतं. पेपरात छापलीय म्हणून कुणीही वापरावी असं नसतं.

मेल परत आला कारण पेपरवरचा पत्ता त्या वेळच्या विद्यापीठाचा. लेखिकेच्या नावापुढे हिरवं गोल चिन्ह आहे का बघ, ते ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक. त्यावर टिचकी मारलीस की ती आता कुठे काम करते ते बहुधा कळेल. नाहीतर तिचा सगळ्यात नवा पेपर काढ, पत्ता त्याच्या पहिल्या पानावर. आणि मेलची वाट बघत बसू नकोस, देवघेवीचा फॉर्म आजच भर.

रातकिडा:
सापडली! दुसऱ्या विद्यापीठात गेलीय. फॉर्म भरला आणि मेलही पाठवला.

आळशी_मांजर:
किती वाजता पाठवलास?

रातकिडा:
पावणेदोन.